मेंदूचा कानाडोळा

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसातील बारीक गाठी शोधणे हे रेडिओलॉजिस्टचे नेहमीचे काम. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ या बोस्टनमधील संशोधकांनी अशा २४ अनुभवी तज्ज्ञांना काही स्कॅन तपासायला दिले. गाठी शोधा, एवढेच सांगितले. शेवटच्या स्कॅनमध्ये मात्र त्यांनी गुपचूप गोरिलाचे एक चित्र घालून ठेवले होते. आकाराने ते साधारण गाठीच्या ४८ पट मोठे. तरीही २४ पैकी २० तज्ज्ञांना गोरिला दिसला नाही. तपासणी सुरू असताना नजर कुठे फिरते हे टिपणारे यंत्रही चालू होते. त्याच्या नोंदींवरून कळले, की गोरिला न दिसलेल्या २० जणांपैकी १२ जणांची नजर थेट त्या चित्रावरून गेली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही वैद्यकीय शिक्षणात आवर्जून सांगितला जातो.

हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. उलट, काही मिलिमीटरची गाठ अचूक टिपता यावी म्हणून त्यांच्या मेंदूने गाठीसारख्या न दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी बाजूला सारल्या होत्या. त्यात गोरिलाही गेला. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसणाऱ्या अर्जुनाला झाड आणि फांद्या दिसत नव्हत्या, त्यातलाच हा प्रकार.

मराठीत दुर्लक्षासाठी ‘कानाडोळा’ असा नेमका शब्द आहे. माणूस तो मुद्दाम करतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मेंदू दिवसाचे चोवीस तास कानाडोळा करत असतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी घेत नाही. मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने लक्ष देणे म्हणजे बऱ्याच अंशी बाकीचे गाळून टाकणे. अडचण एवढीच, की काय गाळले याची वर्दी मेंदू मालकाला देत नाही. म्हणून माणसाला आपण सगळे पाहिले, सगळे ऐकले असेच वाटत राहते.

चाळणीची सुरुवात

गाळण्याचे काम मेंदूपर्यंत पोचण्याआधीच सुरू होते. एका डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींच्या आसपास पेशी असतात. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेत तंतू असतात सुमारे १० लाख. म्हणजे प्रत्येक पेशीची बातमी जशीच्या तशी पुढे जाणे शक्यच नसते. दृष्टिपटलातील चेतापेशी आपसांत हिशेब करतात आणि उजेड-अंधाराच्या कडा, रंगातला फरक, हालचाल अशा गोष्टी निवडून पाठवतात. जिथे काहीच बदलत नाही, तिथली फारशी बातमी जात नाही.

स्पर्शाचेही तसेच. सकाळी घड्याळ बांधताना मनगटाला पट्टा जाणवतो, पण काही मिनिटांनी त्याची आठवणही राहत नाही. अंगठी, चष्मा, अंगावरचे कपडे यांचा स्पर्श दिवसभर असतो, मात्र त्वचेतील संवेदी पेशी आणि मेंदू दोघेही त्याला सरावतात. पंख्याची घरघर तो बंद झाल्यावरच लक्षात येते, कारण तेव्हा बदल घडलेला असतो.

आपल्याच शरीराने निर्माण केलेल्या संवेदनाही मेंदू कमी करतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याचे कारण हेच. हात हलवण्याचा आदेश निघतो तेव्हाच त्या हालचालीतून कोणता स्पर्श होईल याचा अंदाज मेंदू बांधतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. अंदाजाप्रमाणे स्पर्श झाला, की त्याची तीव्रता कमी करून दाखवली जाते. दुसऱ्याच्या बोटांबाबत असा अंदाज बांधता येत नाही, म्हणून गुदगुल्या होतात.

दोन कानांत दोन आवाज

हा झाला आपोआप चालणारा भाग. पण लग्नाच्या हॉलमध्ये सनई, भांड्यांचा खडखडाट आणि शेकडो माणसांचा गलका सुरू असताना समोरच्याचेच बोलणे कसे ऐकू येते? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी हेडफोनमधून दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला सांगितला. लोकांना ते सहज जमले. मग दुसऱ्या कानात काय चालले होते, असे विचारले तेव्हा बहुतेकांना एकही वाक्य सांगता आले नाही. मध्येच पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, तर तो बदल लक्षात आला. पण इंग्रजी जाऊन जर्मन सुरू झाल्याचे ध्यानातही आले नाही. आवाजाचा पोत मेंदूने नोंदवला होता, अर्थ मात्र दाराबाहेरच राहिला होता.

पुढे १९५८ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी मेंदूत एक गाळणी असावी आणि तिच्यातून एका वेळी एकच प्रवाह पुढे जात असावा, असा सिद्धांत मांडला. पण वर्षभरातच या सिद्धांताला धक्का बसला. नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले. तेच ते शब्द ३५ वेळा ऐकवूनही लोकांच्या लक्षात राहिले नव्हते, नाव मात्र सुमारे एकतृतीयांश लोकांनी ऐकले. गाळणी पूर्ण बंद असती तर हे घडलेच नसते. अ‍ॅन ट्रिझमन यांनी यातून वाट काढली. दुर्लक्षित आवाज बंद होत नाही, तो बारीक केला जातो. आपले नाव किंवा धोक्याची सूचना यांसाठी मेंदूचा उंबरठाच इतका खाली असतो, की तो बारीक आवाजही पुरतो. गर्दीत कुणी भलत्याच माणसाला आपल्या नावाने हाक मारली तरी मान वळते, ती यामुळेच.

हे सारे निष्कर्ष वागणुकीवरून काढलेले होते. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांना ही प्रक्रिया मेंदूतच पाहता आली. अपस्माराच्या उपचारासाठी काही रुग्णांच्या मेंदूवर विद्युतअग्रे बसवलेली होती. त्यांना एकाच वेळी दोन व्यक्तींचे बोलणे ऐकवून एकाकडेच लक्ष द्यायला सांगितले. श्रवणाशी संबंधित भागात उमटलेले संकेत जवळपास असे होते, जणू ती एकच व्यक्ती बोलते आहे. कानात दोन आवाज जात होते, पण मेंदूच्या त्या भागात ठसा मुख्यतः एकाचाच उमटत होता.

दारावरचा पहारेकरी

मग हे गाळण्याचे काम होते कुठे? मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाची अंड्याच्या आकाराची एक जोडी असते. वास सोडला तर सर्व ज्ञानेंद्रियांची माहिती इथूनच मेंदूच्या बाह्यस्तराकडे जाते. पूर्वी थॅलॅमसला केवळ टपाल कचेरी मानले जाई, आलेले पुढे पाठवणारी. पण जोडण्या मोजल्या तेव्हा चित्र पालटले. थॅलॅमसच्या दृष्टीकेंद्रात डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या जेमतेम ५ ते १० टक्के निघाल्या. उरलेल्यांपैकी मोठा भाग वरून, म्हणजे बाह्यस्तराकडून खाली येणारा होता. काय पाठवायचे आणि काय नाही, याच्या सूचना वरून येत होत्या.

थॅलॅमसभोवती चेतापेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याला जाळीदार केंद्रक म्हणतात. त्यातील पेशी कुठलाही संदेश पुढे नेत नाहीत, त्या फक्त थॅलॅमसमधील पेशींना गप्प करतात. डीएनएच्या रचनेच्या शोधात सहभागी असलेले फ्रान्सिस क्रिक पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. १९८४ मध्ये त्यांनी अशी कल्पना मांडली, की थॅलॅमस जर मेंदूच्या बाह्यस्तराचे प्रवेशद्वार असेल, तर हा पापुद्रा त्या दारावरचा पहारेकरी असावा आणि लक्षाचा झोत कुठे टाकायचा हे तोच ठरवत असावा.

तीन दशकांनी त्याचा प्रयोगसिद्ध पुरावा मिळाला. मायकेल हलासा आणि सहकाऱ्यांनी उंदरांना प्रकाश आणि आवाज असे दोन संकेत एकदम दिले आणि कोणत्या वेळी कशाच्या मागे जायचे हे आधी सुचवण्याची पद्धत बसवली. उंदीर आवाजाकडे लक्ष देत असताना जाळीदार केंद्रकातील दृष्टीशी निगडित पेशी जोरात काम करू लागत, म्हणजे दृष्टीचा रस्ता अरुंद होई. प्रकाशाकडे लक्ष देताना उलटे घडे. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये याच गटाने आदेशाचा मार्गही दाखवला. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडून निघालेली आज्ञा हालचालींच्या नियंत्रणासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेसल गँग्लियातून फिरून या पहारेकऱ्यापर्यंत पोचते. नको ती हालचाल थोपवणारी यंत्रणाच नको ती संवेदनाही थोपवते.

हा पहारेकरी रात्रीही कामावर असतो. झोपेत मेंदूच्या विद्युतलेखात अधूनमधून लहान लहान लहरींचे पुंजके दिसतात. ते याच जाळीदार केंद्रकात तयार होतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी काही निरोगी लोकांना एक रात्र शांततेत आणि पुढच्या दोन रात्री वाहने, फोन अशा आवाजांत झोपवले. शांत रात्री ज्यांच्या मेंदूत हे पुंजके जास्त दिसले होते, त्यांची झोप आवाजाने कमी मोडली. २०१० मधला हा निष्कर्ष रेल्वे रुळांलगतच्या इमारतीत सगळेच सारखे का झोपू शकत नाहीत, याचा थोडा उलगडा करतो. झोपेतही अपवाद आहेच. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला झोपलेला मेंदू अधिक प्रतिसाद देतो, हे १९६० मध्येच दिसून आले होते.

डोळे रस्त्यावर, लक्ष फोनवर

गाळण्याची ही क्षमता नसती तर एक पान वाचणेही अशक्य झाले असते. पण पहारेकऱ्याने कुणाला परत पाठवले हे कळत नसल्याने रस्त्यावर ती जिवावर बेतू शकते.

युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रयोगशाळेत वाहन चालवण्यासारखे काम करताना लोकांना फोनवर बोलायला लावले. बोलत असताना लाल दिवा चुकण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले आणि दिसला तरी प्रतिक्रिया उशिरा आली. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फोन हातात धरला होता की हात मोकळे होते, याने फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकल्यानेही असा परिणाम दिसला नाही. बिघाड हाताचा नव्हता, संभाषणात गुंतलेल्या लक्षाचा होता. पुढच्या प्रयोगांत वाहन चालवताना लोकांची नजर टिपली गेली. ज्या फलकांवर नजर नक्की स्थिरावली होती, तेही फोनवर बोलणाऱ्यांना नंतर नीट ओळखता आले नाहीत.

भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हा धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार मानला जातो. कायदा हातातल्या फोनबद्दल बोलतो, मेंदूला मात्र हातातला आणि कानातला फोन सारखाच. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारा दुचाकीस्वार किंवा ब्लूटूथवर कार्यालयाची बैठक उरकणारा मोटारचालक यांना हात मोकळे असल्याची खात्री असते. समोरचे किती सुटते आहे याची कल्पना नसते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे तुलनेने कमी घातक ठरते, कारण चौक आला किंवा समोरचे वाहन अचानक थांबले, की तोही बोलायचा थांबतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नसतो.

अपघातांच्या अभ्यासात ‘पाहिले, पण दिसले नाही’ असा एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. चौकात वळताना चालक दोन्ही बाजूंना पाहतो, त्याची नजर मोटारी आणि ट्रक शोधत असते, आणि समोरून येणारी दुचाकी गाळली जाते. ‘मला दिसलीच नाही’ हे त्याचे म्हणणे दर वेळी खोटे नसते. नुकसान मात्र तेवढेच होते.

डोळ्यांचे काम वाढले की कानही बंद होतात. लंडनमधील निली लाव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पडद्यावरचे काम किचकट असेल तर त्याच वेळी झालेला आवाज अनेकांना ऐकूच येत नाही. २०१५ च्या अभ्यासात अशा वेळी मेंदूच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसादच कमी झालेला आढळला. मोबाइलमध्ये गुंग झालेला मुलगा हाकेला ओ देत नाही, तेव्हा तो ऐकून न ऐकल्यासारखे करत असेलच असे नाही. हेडफोन न लावताही पडद्यात डोळे घालून रस्ता ओलांडणाऱ्याला हॉर्न ऐकू न येण्याचे कारणही हेच असू शकते.

चाळण सैल होते तेव्हा

याच्या उलट प्रकारही त्रासदायक असतो. वय वाढते तसे गाळण्याचे काम मंदावते. अ‍ॅडम गझाली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तरुण आणि वृद्धांच्या मेंदूंची तुलना केली. हव्या त्या चित्राकडे लक्ष देताना दोघांच्याही मेंदूतला प्रतिसाद वाढत होता. नको ते चित्र दाबून टाकणे मात्र वृद्धांना तेवढे जमत नव्हते. त्यात वयानुसार कानातल्या सूक्ष्म केसपेशी झिजलेल्या असतात, त्यामुळे आलेला आवाजही अस्पष्ट असतो. ‘ऐकू येतं, पण काय बोलतात ते कळत नाही’ ही अनेक आजी-आजोबांची तक्रार अशी तयार होते. शांत खोलीत नीट बोलणारे आजोबा बारशाच्या गर्दीत गप्प बसतात. घरचे म्हणतात, त्यांचं लक्षच नसतं. खरे तर ते सर्वांत जास्त कष्ट घेत असतात. हळूहळू ते अशा ठिकाणी जाणेच टाळतात. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक आहे, असे ‘द लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून सातत्याने सांगितले आहे. म्हणून याकडे ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

स्किझोफ्रेनियात ही चाळण वेगळ्या तऱ्हेने सैल पडलेली दिसते. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन सारखेच टिकटिक आवाज ऐकवले, तर निरोगी मेंदू दुसऱ्याला खूपच कमी प्रतिसाद देतो. या आजाराच्या अनेक रुग्णांत तो पुरेसा कमी होत नाही, असे कोलोरॅडो येथील संशोधकांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आढळले. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटचा उजेड किंवा शर्टाच्या कॉलरमागची पट्टी असह्य होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये संवेदनांना दिला जाणारा असा तीव्र किंवा अगदीच कमी प्रतिसाद निदानाच्या निकषांत घेतला. अशा मुलाचे कान झाकून रडणे म्हणजे हट्ट नव्हे. जे इतरांच्या दाराशीच अडते, ते त्याच्या घरात घुसलेले असते.

करायचे काय?

‘लक्ष दे’ म्हणून ओरडल्याने चाळणीची क्षमता वाढत नाही. तिच्यावरचा भार मात्र कमी करता येतो. वाहन चालवताना फोन येत असेल, तर हात मोकळे आहेत का हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि वाहन कडेला घेऊन बोलावे. आपण ज्याला फोन केला तो गाडी चालवत असल्याचे कळले, तर ‘नंतर बोलू’ असे आपणच म्हणावे. चौकात वळताना मोटारींसाठी एकदा आणि दुचाकी, सायकल व पादचाऱ्यांसाठी पुन्हा एकदा जाणीवपूर्वक पाहावे. जे शोधायचे ठरवलेले असते, ते दिसण्याची शक्यता वाढते.

घरातल्या वृद्धांशी बोलण्याआधी टीव्हीचा आवाज बंद करावा, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. ओरडण्यापेक्षा स्पष्ट आणि थोडे सावकाश बोलणे उपयोगी पडते. गर्दीत बोलणे समजत नसेल, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्र बसवले तरी पहिल्या दिवसापासून सगळे सुरळीत होईल ही अपेक्षा नको. यंत्रामुळे आवाज मोठा होतो, पण त्यातून हवा तो निवडण्याचे काम मेंदूलाच करायचे असते आणि त्याला सरावायला वेळ लागतो.

पडद्यात गढलेल्या मुलाला स्वयंपाकघरातून पाच सूचना एकदम देऊ नयेत. आधी नावाने हाक मारावी किंवा खांद्यावर हात ठेवावा, त्याने वर पाहिले की मग बोलावे. नावाला पहारेकरी बहुधा वाट देतो, सूचनांना देईलच असे नाही.

राहिला प्रश्न तज्ज्ञांचा. गोरिला न दिसलेल्या रेडिओलॉजिस्टना कमी लेखण्यासाठी तो प्रयोग केलेला नव्हता. एका माणसाने कितीही मन लावून पाहिले, तरी काय सुटले हे त्याला स्वतःला कळणार नाही, हे त्यातून दिसले. म्हणूनच महत्त्वाचा स्कॅन दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पाहणे, शस्त्रक्रियेआधी यादी मोठ्याने वाचून खातरजमा करणे अशा पद्धती गरजेच्या आहेत. रुग्णाने दुसरे मत मागितले, तर त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही. दुसऱ्याचा मेंदू वेगळे काही गाळत असतो, आणि पहिल्याकडून जे निसटले ते कदाचित त्याला दिसते.